अंश कोणाचे, छेद कशाचा? प्रवासाच्या सुरक्षिततेचे आकडे

प्रवासाचे कोणते साधन किती सुरक्षित हे सांगणारा प्रत्येक आकडा म्हणजे एक अपूर्णांक असतो. अंशाच्या जागी मृत्यू असतात, छेदाच्या जागी प्रवास. ‘विमान सर्वांत सुरक्षित’, ‘लोकलने जायचे म्हणजे जीव मुठीत धरायचा’, ‘अमुक महामार्ग मृत्यूचा सापळा झाला आहे’ ही सगळी विधाने अशा अपूर्णांकांवरच उभी असतात. पण बातमीत, भाषणात आणि चर्चेत बहुधा एकटा अंश सांगितला जातो. छेद गाळलेला असतो, नाहीतर सोयीने निवडलेला असतो.

छेद बदलला की निष्कर्ष किती बदलतो, हे ब्रिटनमधील १९९० च्या दशकातील आकड्यांवरून केलेल्या एका तक्त्यात फार स्पष्ट दिसते. त्या तक्त्यानुसार दर अब्ज किलोमीटर प्रवासामागे विमानात ०.०५ मृत्यू होतात, बसमध्ये ०.४, रेल्वेत ०.६, मोटारीत ३.१, सायकलवर ४४.६, पायी चालताना ५४.२ आणि मोटरसायकलवर १०८.९. म्हणजे विमान सर्वांच्या पुढे. पण तेच मृत्यू दर अब्ज फेऱ्यांमागे मोजले तर बस ४.३, रेल्वे २०, मोटार ४०, पायी ४०, विमान ११७, सायकल १७० आणि मोटरसायकल १,६४० असा क्रम लागतो. विमान आता मोटारीच्याही मागे, सायकलच्या थोडेसे अलीकडे येऊन बसते. तासांनी मोजले तर विमान ३०.८ आणि रेल्वे ३०, म्हणजे जवळजवळ बरोबरी. मृत्यू तेच, प्रवासीही तेच. बदलला तो फक्त छेद.

या तक्त्यातील एक आकडा दुसऱ्याने भागून पाहिला की त्यामागचा प्रवास समोर येतो. विमानाच्या ११७ ला ०.०५ ने भागले तर एका फेरीची सरासरी लांबी २,३४० किलोमीटर निघते. मोटारीसाठी हाच भागाकार सुमारे १३ किलोमीटर येतो आणि पायी चालण्यासाठी पाऊण किलोमीटरही भरत नाही. म्हणजे ‘विमानाची एक फेरी’ आणि ‘पायी एक फेरी’ यांची तुलना करणारा लंडनहून परदेशी सुट्टीला जाणारा माणूस आणि कोपऱ्यावर दूध आणायला जाणारा माणूस यांना एका पंगतीत बसवत असतो. उलट किलोमीटरने तुलना करणाराही विमानाला आयती सवलत देतो. विमानाचा धोका अंतराच्या प्रमाणात वाढत नाही. जगभरातील जेट विमानांच्या जीवघेण्या अपघातांपैकी जवळपास निम्मे शेवटच्या उतरणीत आणि धावपट्टीवर उतरताना होतात, आणि उड्डाणाच्या एकूण वेळात या टप्प्याचा वाटा अगदी थोडा असतो. उंचावर सरळ उडत असताना विमान हजारो किलोमीटर कापते आणि त्या अंतरात धोका फारसा वाढत नाही. त्यामुळे मुंबई ते पुणे आणि मुंबई ते न्यूयॉर्क या दोन उड्डाणांचा धोका साधारण सारखा असला, तरी किलोमीटरच्या हिशेबात दुसरे कितीतरी पटींनी सुरक्षित दिसते.

एमआयटीमधील अर्नोल्ड बार्नेट यांनी म्हणूनच विमानासाठी वेगळे माप वापरले: यदृच्छेने निवडलेल्या एका उड्डाणात बसणाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता किती? त्यांच्या गणनेनुसार १९६८ ते १९७७ या काळात जगभरात दर साडेतीन लाख प्रवाशांमागे एक मृत्यू होता. २०१८ ते २०२२ मध्ये तो दर १ कोटी ३७ लाख प्रवाशांमागे एक इतका खाली आला. हे माप अंतराची फुकटची मदत घेत नाही, आणि तरीही ही सुधारणा थक्क करणारी आहे.

मग योग्य छेद कोणता? प्रश्न कोणता आहे त्यावर ते ठरते. नागपूरहून मुंबईला जायचेच आहे, फक्त कशाने जायचे ते ठरवायचे आहे, अशा वेळी अंतर ठरलेले असते. तेव्हा दारापासून दारापर्यंतच्या पूर्ण प्रवासाचा धोका जोडावा लागतो. विमानतळापर्यंतची टॅक्सी आणि स्थानकापर्यंतची रिक्षाही त्यात येते, आणि विमानाने जाणाऱ्याच्या प्रवासातला सर्वांत धोक्याचा भाग बहुधा तीच टॅक्सी असते. रोज कामावर जाणाऱ्यासाठी फेरी हेच माप ठीक. एखाद्या चालकाला किंवा कंडक्टरला त्याच्या कामाचा धोका विचारायचा असेल तर तास धरावेत.

दारापासून दारापर्यंतच्या हिशेबाचे एक दुःखद उदाहरण अमेरिकेत घडले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अनेकांनी विमान टाळून मोटारीने लांबचा प्रवास सुरू केला. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी रस्त्यांवरील मृत्यूंच्या मासिक आकड्यांवरून अंदाज केला की पुढच्या बारा महिन्यांत यामुळे सुमारे १,५०० माणसे जास्तीची मेली. अपहरण झालेल्या चार विमानांतील मृत प्रवाशांच्या ही संख्या सुमारे सहापट आहे. हे मृत्यू वेगवेगळ्या रस्त्यांवर, एकेकटे झाले, म्हणून त्यांची कोणी बातमी केली नाही.

काळाच्या ओघात होणारा बदल मोजतानाही छेद असाच फसवतो. भारतात १९७० साली रस्त्यांवर सुमारे १४,५०० माणसे मेली. तेव्हा देशात नोंदणीकृत वाहने जेमतेम १४ लाख होती, म्हणजे दर दहा हजार वाहनांमागे १०३ हून अधिक मृत्यू. २०१९ मध्ये मृत्यू १,५१,११३ झाले, पण वाहने जवळपास ३० कोटींवर गेली होती, त्यामुळे हाच दर सुमारे ५ वर आला. एखादा मंत्री यावरून सांगू शकेल की रस्ते वीसपट सुरक्षित झाले. पण दर लाख लोकसंख्येमागे १९७० मध्ये २.७ मृत्यू होते आणि २०१९ मध्ये ते ११ च्या वर गेले. नागरिकाच्या बाजूने पाहिले तर रस्त्यावर मरण्याची शक्यता चौपट झाली. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आर. जे. स्मीड यांनी १९४९ मध्येच दाखवून दिले होते की वाहने वाढत गेली की दर वाहनामागे होणारे मृत्यू घटत जातात, आणि हे देशोदेशी घडते. त्यामुळे वाहनांमागचा घटता दर हा कोणत्याही धोरणाचे यश म्हणून सांगणे चूक आहे. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने लोकसंख्या हाच प्रामाणिक छेद आहे.

आणखी एक नेहमी ऐकू येणारे विधान असे: राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या सुमारे दोन टक्के, पण मृत्यू मात्र ३६ टक्के. २०२२ मध्ये एकूण १,६८,४९१ मृत्यूंपैकी ६१,०३८ द्रुतगती व राष्ट्रीय महामार्गांवर झाले, हे खरे आहे. पण सरकारच वर्षानुवर्षे असेही सांगत आले आहे की या महामार्गांवरून देशातील सुमारे ४० टक्के वाहतूक जाते. वाहतुकीच्या हिशेबाने पाहिले तर महामार्ग इतर रस्त्यांहून विशेष वाईट ठरत नाहीत. अर्थात, त्यावरून ते चांगले आहेत असे मुळीच सिद्ध होत नाही. दुभाजक असलेला, आखणी करून बांधलेला रस्ता गल्लीबोळांपेक्षा कितीतरी सुरक्षित असायला हवा. तो नुसता बरोबरीत असेल तर गावाजवळचे उघडे छेदरस्ते, उलट दिशेने येणारी वाहने आणि रात्री कडेला बंद पडलेले ट्रक यांची गाठ त्या बरोबरीत लपलेली असते.

अंशाकडे वळले की प्रश्न जास्त गंभीर होतो, कारण तिथे कोणत्या माणसाचा मृत्यू मोजायचा हे ठरवले जाते. २०१९-२० या वर्षात एकाही प्रवाशाचा रेल्वे अपघातात मृत्यू झाला नाही, असे भारतीय रेल्वेने जाहीर केले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने मात्र २०१९ या वर्षात रेल्वेशी संबंधित अपघातांत २४ हजारांहून अधिक मृत्यू नोंदवले. दोन वर्षांत काही महिन्यांचा फरक आहे, पण शून्य आणि चोवीस हजार यांतील अंतर त्याने भरून निघत नाही. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येत बरोबर आहेत. रेल्वेचा आकडा गाडी घसरणे, टक्कर, आग अशा ठरावीक प्रकारच्या गंभीर अपघातांचा आहे. गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यात गाडीतून पडलेले आणि रुळांवर गाडीखाली आलेले लोक आहेत, आणि त्या वर्षीच्या नोंदींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश याच प्रकारच्या होत्या. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षेवर अहवाल दिला. रूळ ओलांडताना दरवर्षी सुमारे १५ हजार माणसे मरतात आणि कोणत्याही सुसंस्कृत समाजाने हे सहन करू नये, असे तिने अत्यंत कडक शब्दांत नोंदवले.

मुंबईच्या लोकलचे गणित करून पाहिले तर अंश आणि छेद दोन्ही एकत्र तपासता येतात. २०२३ मध्ये उपनगरी मार्गांवर २,५९० मृत्यूंची नोंद झाली. रोजच्या फेऱ्या सुमारे ७५ लाख. रविवार आणि सुट्ट्या वजा करून वर्षाच्या २५० कोटी फेऱ्या धरल्या तर दर दहा लाख फेऱ्यांमागे साधारण एक मृत्यू पडतो. ब्रिटनच्या तक्त्याच्या भाषेत हा आकडा दर अब्ज फेऱ्यांमागे हजाराच्या घरात जातो, आणि तिथल्या रेल्वेचा आकडा २० आहे. लगेच ‘पन्नासपट धोकादायक’ असा मथळा तयार होतो. पण तो टिकत नाही, कारण ब्रिटनचा तक्ता प्रवाशांचा आहे आणि लोहमार्ग पोलिसांच्या नोंदीत रूळ ओलांडणारे, आत्महत्या केलेले, फलाटावर आजारपणाने गेलेले असे सगळेच मृत्यू येतात. यातील जवळपास निम्मे रूळ ओलांडतानाचे आहेत. चालत्या गाडीतून पडून मेलेले सुमारे सहाशे. फक्त तेवढेच धरले तरी दर अब्ज फेऱ्यांमागे सुमारे २४० येतात, म्हणजे ब्रिटनच्या रेल्वेच्या बारापट. तुलना काटेकोर केल्यावर फरक कमी झाला, पण उरला तो तरीही लाजिरवाणा आहे.

शिवाय अंशातून वगळलेली माणसे प्रत्यक्षात वेगळी नसतात. दिवा किंवा कळव्याला पुलाला वळसा न घालता रूळ ओलांडणारा माणूस बहुधा पुढच्या दहा मिनिटांत लोकलमध्येच बसणार असतो. त्याचे रूळ ओलांडणे हा त्याच्या रेल्वेप्रवासाचाच भाग आहे. पूल अरुंद आहे, सरकता जिना बंद आहे, फलाट ऐन वेळी बदलला आहे, हीच कारणे बहुतेक वेळा त्याला रुळांवर उतरवतात. त्याला ‘अनधिकृत प्रवेश करणारा’ म्हटले की तो प्रवाशांच्या हिशेबातून बाहेर जातो आणि व्यवस्थेवरचा ठपकाही. चालत्या गाडीतून चुकून पडलेल्या प्रवाशासाठी रेल्वे कायद्यात भरपाईची तरतूद आहे, तरी गाड्यांच्या अपघातांच्या आकड्यात त्याला जागा नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. त्या दिवशी गाडी घसरली नव्हती, टक्करही झाली नव्हती.

रस्त्यावर अंशाचा प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो. बस प्रवाशांसाठी सुरक्षित असते, हे जवळजवळ सगळीकडचे आकडे सांगतात. पण बस जड असते आणि तिच्या धक्क्याने मरणारे बहुधा बाहेरचे असतात. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात बेस्टच्या एका बसने गर्दीच्या रस्त्यावर अनेकांना चिरडले. प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या तक्त्यात अशी घटना जवळपास दिसतच नाही. मोठ्या मोटारगाड्यांचेही तेच: आत बसलेल्याचा धोका कमी होतो आणि समोरच्या दुचाकीस्वाराचा वाढतो. उलट पायी चालणाऱ्याच्या नावावर दर अब्ज किलोमीटरमागे ५४ मृत्यू लागतात, जणू चालणे हीच धोक्याची गोष्ट आहे. चालणारा कोणालाही मारत नाही. तो धोका त्याच्यावर बाहेरून येतो. साधनाची सुरक्षितता सांगताना त्याने घेतलेले सर्व जीव, आतले आणि बाहेरचे, मोजले पाहिजेत, नाहीतर आकडा फक्त तिकीट काढणाऱ्याची किंवा गाडी विकत घेणाऱ्याची बाजू सांगतो.

पादचाऱ्यांचे मृत्यू मुळात नोंदलेही कमी जातात. २०२२ च्या सरकारी अहवालात मृतांपैकी सुमारे साडेएकोणीस टक्के पादचारी आहेत. आयआयटी दिल्लीतील दिनेश मोहन आणि गीतम तिवारी यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या मूळ पोलीस नोंदी तपासून अनेकदा दाखवले की प्रत्यक्षातला वाटा सरकारी तक्त्यांतल्यापेक्षा बराच मोठा असतो. एकूण आकड्यातही मोठी तफावत आहे. २०१६ साठी भारताने दीड लाखाच्या आसपास मृत्यू कळवले आणि जागतिक आरोग्य संघटनेने सुमारे तीन लाखांचा अंदाज दिला. २०२१ साठी नोंद १,५३,९७२ होती, अंदाज २,१६,६१८. विमान अपघातातील एकही मृत्यू नोंदीतून सुटत नाही; गावाच्या वेशीवर रात्री धडक बसून चार दिवसांनी जिल्हा रुग्णालयात मेलेला माणूस सुटू शकतो. विमान आणि रस्ता यांची तुलना करताना ही असमानता रस्त्याला नेहमी आहे त्याहून बरा दाखवते.

अपघात फार थोडे असतील तर अंशातला एक वाढला तरी चित्र उलटते. काँकॉर्ड विमान जानेवारी १९७६ पासून प्रवासी वाहतुकीत होते आणि चोवीस वर्षांत त्यात एकही प्रवासी दगावला नव्हता. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ एक काँकॉर्ड कोसळले, विमानातील १०९ आणि जमिनीवरील चार जण मेले. काँकॉर्डची सगळी उड्डाणे मिळून ऐंशी-नव्वद हजारच होती, त्यामुळे त्या एका दुपारी ते आकड्यांत सर्वांत सुरक्षित विमानावरून सर्वांत धोकादायक विमानांत गेले. खरे तर ते सकाळी जितके सुरक्षित होते तितकेच संध्याकाळी होते. चूक आधीच्या शून्यावर विश्वास ठेवण्यात होती. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा नियम आहे: घटना एकदाही घडली नसेल तर तीनला प्रयत्नांच्या संख्येने भागावे; खरा दर त्याहून कमी असावा असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. ऐंशी हजार उड्डाणांत शून्य याचा अर्थ एवढाच की धोका सुमारे सत्तावीस हजारांत एक याहून जास्त नसावा. प्रवासी विमानासाठी ही हमी अगदीच तोकडी आहे.

जपानच्या शिंकान्सेनचे शून्य मात्र वजनदार आहे. १ ऑक्टोबर १९६४ पासून अब्जावधी प्रवासी नेऊन गाडी घसरून किंवा टक्कर होऊन एकही प्रवासी मेलेला नाही. २००४ च्या भूकंपात एक गाडी घसरली, तरी जीवितहानी झाली नाही. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी हेच तंत्र येते आहे आणि हा दाखला त्यासोबत दिला जातो. तो देताना लक्षात ठेवावे लागते की ते शून्य एकट्या गाड्यांचे नाही. स्वतंत्र मार्ग, एकही फाटक नसणे, भूकंपाची पूर्वसूचना देणारी यंत्रणा आणि देखभालीची शिस्त या सगळ्यांचे मिळून ते आहे.

कालखंड कुठून कुठपर्यंत निवडला यावरही असाच खेळ चालतो. भारतीय विमान कंपन्यांच्या नियमित सेवेत २०११ ते २०१९ ही वर्षे घेतली तर प्रवाशांचा एकही मृत्यू सापडत नाही. एक वर्ष मागे गेले की मंगळूरचे १५८ मृत्यू येतात, पुढे २०२० मधील कोळिकोडचे २१ आणि १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला झालेल्या अपघातातील २६०, ज्यांत १९ जण जमिनीवरचे होते. कालखंड आकडे पाहण्याआधी ठरवलेला असावा लागतो.

रस्त्यांवर संख्या मोठ्या असल्या तरी एखाद्या रस्त्यापुरते हे चढउतार महत्त्वाचे ठरतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले, नंतर अनुक्रमे १०५, ११०, ९२ आणि २०२० मध्ये ६६. शंभराच्या आसपासच्या संख्येत वर्षागणिक दहाएकचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो, म्हणून १०५ चे ११० झाले यावरून काहीच सांगता येत नाही. १५१ वरून ९२ ही घट मात्र योगायोगाच्या पलीकडची आहे, आणि तिच्यामागे तिथे झालेली खरी कामे आहेत. ६६ मध्ये टाळेबंदीतला रिकामा रस्ता आहे. पुढच्याच वर्षी आकडा ८८ झाला.

शेवटचा मुद्दा सरासरीचा. सिवाक आणि फ्लॅनगन या संशोधकांनी २००३ मध्ये अमेरिकेसाठी हिशेब केला की एका सामान्य थेट उड्डाणाइतके अंतर शहराबाहेरच्या महामार्गावर मोटारीने कापणे सुमारे ६५ पट धोकादायक आहे. त्याआधी १९९० मध्ये लिओनार्ड इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी उलट टोकाचे उदाहरण घेतले होते: चाळिशीचा, पट्टा बांधलेला, दारू न प्यालेला चालक, जड गाडी, तोच शहराबाहेरचा महामार्ग. त्याच्यासाठी ६०० मैलांच्या प्रवासात मोटार आणि विमान यांचा धोका जवळजवळ सारखा निघाला. दोन्ही हिशेबांत विमानांच्या आकड्यांचा काळ वेगळा आहे, पण मुख्य फरक चालकाचा आहे. सरासरीत मध्यरात्री झिंगून गाडी हाणणाराही असतो. मोटरसायकलच्या भीतीदायक दरातही वाहनाइतकाच वाटा तिच्यावर बसणाऱ्या तरुण मुलांच्या वयाचा आणि वेगाचा असतो.

म्हणूनच एखाद्या गटात मृत्यू जास्त आहेत एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. २०२२ मध्ये भारतात ७४,८९७ दुचाकीस्वार मेले आणि हेल्मेट नसलेले ५०,०२९ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश. हा आकडा हेल्मेटच्या बाजूचा पुरावा म्हणून दरवर्षी मांडला जातो, पण एकटा तो पुरावा होऊ शकत नाही: रस्त्यावरचे दोन-तृतीयांश स्वार मुळात विनाहेल्मेट असतील, तर हेल्मेटचा काहीही उपयोग नसतानासुद्धा हाच आकडा आला असता. त्यासाठी अपघातात सापडलेल्या, हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या स्वारांची तुलना करावी लागते. असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष आहे की हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.